रुग्णाच्या नात्याने आनंदीबाई

डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या नावामागे पहिल्या महिला डॉक्टरचे बिरुद इतके घट्ट बसले आहे की, त्यांच्या चरित्राची दुसरी बाजू सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. पदवी घेऊन परतल्यावर मायदेशी रुग्णसेवा करण्याची संधी त्यांना लाभलीच नाही. उलट, पुरत्या बावीस वर्षांच्याही न झालेल्या त्यांच्या आयुष्याचा बराच काळ दुखण्यात गेला. त्यांचा डॉक्टर म्हणून गौरव अवश्य व्हावा. तथापि रुग्णाच्या हक्कांचा विचार करताना त्यांच्याकडे रुग्ण म्हणून पाहणे अधिक उद्बोधक ठरेल.

1865 साली जन्मलेल्या या कल्याणच्या मुलीचा विवाह नवव्या वर्षी पोस्टखात्यातील गोपाळराव जोशी यांच्याशी झाला. पती सुमारे वीस वर्षांनी मोठे, बिजवर, पत्नीच्या शिक्षणाविषयी कमालीचे हट्टी. हा हट्ट तिला किती जाचला, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला. पुरेशा वैद्यकीय उपचारांअभावी तो अवघ्या दहा दिवसांत गेला.

1883 च्या फेब्रुवारीत बंगालमधील श्रीरामपूरच्या कॉलेजात आनंदीबाईंनी आपल्या अमेरिकागमनाचा हेतू जाहीर सभेत मांडला. स्त्रिया आपली दुखणी पुरुष डॉक्टरांपुढे उघड करीत नाहीत, म्हणून या देशाला हिंदू स्त्री डॉक्टरांची गरज आहे, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. अठरा वर्षांच्याही न झालेल्या मुलीची ही समज असामान्य म्हटली पाहिजे. स्त्रियांच्या संकोचाला दोष देत बसण्यापेक्षा रुग्णालयाची व्यवस्था रुग्णाच्या सोयीने बदलावी, असाच त्याचा अर्थ होतो. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने 2018 मध्ये तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत पुरुष डॉक्टर तपासत असताना दुसरी स्त्री हजर असण्याचा स्त्री-रुग्णाचा हक्क नोंदविला आहे. म्हणजे त्या सभेनंतर 135 वर्षांनी! खाजगी रुग्णालयांनी अशी सनद दर्शनी भागात लावावी, असा नियम महाराष्ट्राने 2021 मध्ये केला. परंतु तुळजापूर तालुक्यातील एखाद्या खेड्यातून पहिल्या बाळंतपणासाठी आलेल्या मुलीने तो फलक वाचावा आणि डॉक्टरांपुढे आपला हक्क बोलून दाखवावा, ही अपेक्षा फार मोठी आहे. हक्क बजावता यायचा तर खोलीत स्त्री कर्मचारी लागते, तिच्यासाठी मंजूर जागा लागते आणि त्या जागेसाठी पैसा लागतो.

कोल्हापूर संस्थानाला हे उमगले होते. एप्रिल 1883 मध्ये आनंदीबाई पतीविना कलकत्त्याहून निघाल्या. 11 मार्च 1886 रोजी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी त्यांनी मिळविली. प्रबंधाचा विषयही हिंदूंचे प्रसूतिशास्त्र हाच होता. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री-विभाग त्यांच्याकडे सोपविण्याचे संस्थानाने ठरविले. तोपर्यंत क्षयाने त्यांना ग्रासले होते. त्या वर्षअखेरीस त्या परतल्या त्या अंथरुणाला खिळण्यासाठीच. 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. कोल्हापूरच्या त्या स्त्री-रुग्णांना त्यांची डॉक्टरीण भेटलीच नाही.