कै. चिंतामणराव देशमुख

आपल्या ज्ञातीचे भूषण कै. चिंतामणराव द्वारकानाथ देशमुख यांचा जन्म महाडनजीक नाते येथे १८९६ साली झाला. आय. सी. एस. होऊन ते मध्यप्रांतात आले व नागपूर सचिवालयात अर्थखात्याचे सचिव झाले, हे आम्हां नागपूरकरांस विशेष अभिमानास्पद! १९४३ साली ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. त्या काळी बँक बुडाली की ठेवीदाराची जन्माची पुंजी बुडे, आणि तिला आवर घालण्याचे अधिकार रिझर्व्ह बँकेजवळ तुटपुंजे होते. परवाना व तपासणी यांचे व्यापक अधिकार देणारा १९४९ चा बँकिंग कायदा त्यांच्याच कारकीर्दीत झाला. पुढे अर्थमंत्री असता १९५५ साली इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली. १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर मात्र त्यांनी ते मंत्रिपद सोडले. १९८२ साली हैदराबाद येथे ते निवर्तले.