सुरतेचे रसायनाचार्य त्रिभुवनदास गज्जर

शारदापूजनाच्या दिवशी वर्गाच्या एका कोपऱ्यात उदबत्ती लावली की घटकाभरात तिचा सुवास शेवटच्या बाकापर्यंत पोहोचतो. वायूंचे हे विसरण आपोआप घडते, त्यास कोणाचे श्रम लागत नाहीत. पण पसरलेला सुवास पुन्हा गोळा करावयाचा म्हटले तर? मिसळणे सोपे, वेगळे करणे कठीण. हे कठीण काम ज्यांनी आयुष्यभर केले, ते प्राध्यापक त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर आमच्या कामरेजशेजारच्या सुरतेचेच सुपुत्र होत.

त्यांचा जन्म १८६३ साली एका सुतार घराण्यात झाला. रसायनशास्त्राचे उच्च शिक्षण घेऊन १८८६ साली ते बडोदा कॉलेजात प्राध्यापक झाले. विद्या पुस्तकात आणि कसब कारागिराच्या हातात, ही फारकत त्यांना सलत असे. म्हणून १८९० साली श्रीमंत सयाजीराव गायकवाड महाराजांच्या आश्रयाने बडोद्यास कलाभवन स्थापन झाले. रंगविद्येसारखे विषय तेथे मातृभाषेतून शिकविले जात. चित्रपटसृष्टीचे जनक दादासाहेब फाळके ह्याच संस्थेचे विद्यार्थी. १८९६ साली गज्जर मुंबईच्या विल्सन कॉलेजात गेले.

त्याच वर्षी मुंबईत एक खळबळजनक प्रकार घडला. व्हिक्टोरिया राणीचा संगमरवरी पुतळा कोणीतरी रात्री डांबराने काळा केला. खंडेराव गायकवाडांच्या देणगीतून उभा राहिलेला हा पुतळा १८७२ पासून तेथे होता. डाग काढण्याचे प्रयत्न फसले, आणि त्यात नवल नव्हते. डांबर पाण्यात विरघळत नाही. दगडाच्या सूक्ष्म रंध्रांत ते मुरते. घासावे तर कोरीव काम झिजते. आम्ल ओतावे तर संगमरवर, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, फसफसून कार्बन डायॉक्साइड वायू सोडतो आणि दगडच खाल्ला जातो. डागावर चालेल पण दगडास धक्का लावणार नाही, अशी युक्ती हवी होती. ती गज्जरांना साधली व पुतळा पूर्ववत शुभ्र झाला. पुढे निस्तेज, डागाळलेले मोती उजळण्याची रीतही त्यांनी शोधली. मोतीही मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचाच असतो. म्हणून तेथेही तीच सावधगिरी आवश्यक होती.

डांबर फासणारे होते चिंचवडचे दामोदर हरी चाफेकर. परकीय सत्तेविषयीच्या संतापाने त्यांनी ते कृत्य केले होते. प्लेग अधिकारी रँड ह्यांच्या वधाबद्दल ते १८९८ साली फासावर गेले. मग आमच्या मनात प्रश्न उभा राहतो : तो डाग पुसणारे गज्जर परक्यांच्या पक्षाचे ठरतात काय? आम्हांस तसे वाटत नाही. उत्तर त्यांच्या पुढील आयुष्यात आहे.

मुंबईत त्यांनी टेक्नो-केमिकल लॅबोरेटरी काढली व रसायनाचे ज्ञान उद्योगाच्या दारी नेऊन ठेवले. त्या काळी कितीतरी औषधे व रसायने विलायतेहून येत. १९०७ साली आपले शिष्य कोटीभास्कर व भाईलाल अमीन ह्यांच्या साथीने त्यांनी अलेंबिक हा कारखाना सुरू केला. अलेंबिक म्हणजे अर्क काढण्याचे जुने भांडे. अल्कोहोल सुमारे ७८ अंश सेल्सियसला उकळते, पाणी १०० अंशांना. म्हणून मिश्रण तापविले की निघणाऱ्या वाफेत अल्कोहोलचे प्रमाण अधिक असते, आणि ती थंड केली की तेच प्रथम हाती येते. आमच्या पाठ्यपुस्तकातील ऊर्ध्वपातन ते हेच! ज्या कृतीवर आम्ही दोन गुणांचे उत्तर लिहितो, तिचे नाव त्यांनी स्वदेशी कारखान्याच्या कपाळी लिहिले. परक्यांवरील अवलंबन दूर करण्याची ही त्यांची रीत होती. चाफेकरांचा मार्ग ज्वालेचा, गज्जरांचा मंद आचेचा. दोघांची तुलना करून एकास लहान ठरविण्याची आम्हांस गरज वाटत नाही.

१९२० साली गज्जर निवर्तले. बडोद्यात अलेंबिकचे नाव मात्र आजही नांदते आहे.

पुढच्या खेपेस प्रयोगशाळेत मीठ व वाळू वेगळी करताना आपण घाई करतो, गाळणकागद फाटतो आणि सरांची बोलणी बसतात, तेव्हा सुतारघरच्या ह्या प्राध्यापकांचे स्मरण करावे. काय काढावयाचे हे ठाऊक असणे पुरेसे नाही. काय जपावयाचे, हेही ठाऊक असावे लागते.