विमानाला घरचा रंग चालेल का? उत्तर आहे सांतोस-ड्युमाँच्या आयुष्यात

पावसाळा संपला की ठाणे, कल्याण, डोंबिवलीत सोसायट्यांना बांबूच्या परांच्या लागतात आणि रंगाचे डबे दोरीने वर चढायला लागतात. ऊन, पाऊस, शेवाळ सगळं सोसणारा एक्स्टिरियर इमल्शन आपल्याला चांगलाच ओळखीचा आहे. आता विचार करा, घरी बांधलेल्या आणि कापडाने मढवलेल्या छोट्या विमानाला हाच रंग लावला तर?

प्रश्न वाटतो तेवढा गमतीचा नाही. परदेशात हौसेने विमान बांधणारे काही जण खरंच हे करतात, कारण विमानासाठीचा खास रंग महाग असतो आणि त्याचा वास डोकं उठवतो. मी सॉफ्टवेअरवाला, रंगारी नाही. पण हा विषय वाचताना मी एका माणसापाशी येऊन थांबलो. त्याचं आयुष्य समजलं की रंगाचं गणित आपोआप समजतं. त्याचं नाव अल्बेर्तो सांतोस-ड्युमाँ.

कॉफीच्या मळ्यातला मुलगा

अल्बेर्तोचा जन्म २० जुलै १८७३ चा, ब्राझीलमधल्या मिनास जेराइस प्रांतातला. वडील इंजिनिअर आणि कॉफीचे मोठे मळेवाले. मळ्यात कॉफी वाहायला स्वतःची रेल्वे होती, आणि हा पोरगा लहान वयातच त्या इंजिनांवर जाऊन बसायचा. ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्या वाचायचा, कागदाचे फुगे सोडायचा. पुढे वडील घोडागाडीच्या अपघातानंतर अर्धांगाने आजारी पडले. त्यांनी मळा विकला, मुलाला त्याचा वाटा दिला आणि पॅरिसला जाऊन पदार्थविज्ञान, रसायन, यंत्रं आणि वीज शिकायला सांगितलं. पदवीच्या मागे न लागता तो शिकला आणि आकाशाच्या मागे लागला.

अंगकाठी बारीक, वजन जेमतेम ५० किलो. ही गोष्ट त्याच्या कामाची ठरली, कारण त्याच्या सगळ्या यंत्रांमध्ये एकच ध्यास दिसतो: हलकं, अजून हलकं.

साडेतीन किलोचं कापड, चौदा किलोचा फुगा

१८९८ मध्ये त्याने स्वतःसाठी पहिला फुगा बनवून घेतला. नाव ठेवलं ब्राझील. कारागिरांना त्यासाठी जाड कापड हवं होतं, याने पातळ जपानी रेशीम निवडलं. एवढ्या पातळ कापडावर जीव टांगायचा हे कारागिरांना पटेना. तेव्हा त्याने वाद न घालता कापड ताण देऊन तपासायला लावलं. रेशीम गरजेच्या कितीतरी पट मजबूत निघालं.

आता आकडे बघा. फुगा ११३ घनमीटरचा. त्याच्या सगळ्या रेशमाचं वजन साडेतीन किलो. पण हायड्रोजन वायू कापडाच्या विणीतून निसटतो, म्हणून त्यावर व्हार्निश लावावं लागलं. व्हार्निशचे थर झाल्यावर तेच कापड १४ किलोचं झालं. म्हणजे कापडाच्या तिप्पट वजन नुसत्या लेपाचं! एखाद्या अ‍ॅपचा स्वतःचा कोड छोटासा असावा आणि सोबतच्या लायब्ररींनी सगळी मेमरी खावी, तसंच हे. लायब्ररी काढून टाकता येत नाहीत, पण किती घ्यायच्या ते आपल्या हातात असतं.

इथे पहिला धडा मिळतो. कापडावरचा लेप शोभेसाठी नसतो. तो यंत्राचा एक भाग असतो आणि त्याची किंमत किलोत मोजावी लागते.

हॉटेलच्या भिंतीवर लटकलेला वैमानिक

पुढची काही वर्षं त्याने इंजिन लावलेली वायुजहाजं बनवली. तेव्हा पॅरिसमध्ये एक मोठं बक्षीस जाहीर झालं होतं: सां-क्लूपासून निघायचं, आयफेल टॉवरला वळसा घालायचा आणि ३० मिनिटांत परत यायचं. अंतर सुमारे ११ किलोमीटर.

८ ऑगस्ट १९०१ ला त्याच्या पाचव्या जहाजाने टॉवरला वळसा घातला आणि वायू गळायला लागला. फुग्याचा ताण गेला, तो सैल पडला, खाली लोंबणाऱ्या तारा पंख्याकडे यायला लागल्या. त्याने इंजिन बंद केलं आणि जहाज त्रोकादेरो हॉटेलच्या छपरावर आदळून फाटलं. तो स्वतः भिंतीवर अधांतरी लटकत राहिला. अग्निशामक दलाने दोर टाकून वर काढलं, तेव्हा अंगावर फारशी जखम नव्हती. काही आठवड्यांत सहावं जहाज तयार झालं आणि १९ ऑक्टोबरला त्याने ती फेरी पूर्ण केली. बक्षिसाची रक्कम त्याने आपल्या कामगारांत आणि पॅरिसच्या गरिबांत वाटली. त्यातून कित्येक मजुरांची गहाण पडलेली अवजारं सोडवली गेली.

अपघातातून दुसरा धडा: कापडात ताकद असते ती ताणामुळे. ताण गेला की आकार जातो, आणि आकार गेला की उडणं संपतं. फुग्यात हा ताण वायू देतो. विमानाच्या पंखात तो कोण देणार, हा प्रश्न पुढे येणारच होता.

जाता जाता एक गोष्ट. उडताना दोन्ही हात गुंतलेले असायचे, खिशातलं घड्याळ काढणं जमायचं नाही. म्हणून १९०४ च्या सुमारास त्याचा मित्र लुई कार्तिए याने त्याला मनगटावर बांधायचं घड्याळ करून दिलं. आज स्मार्टवॉच बांधणाऱ्या सगळ्यांचा हा जुना नातेवाईकच.

७ मीटर, ६० मीटर, २२० मीटर

१९०६ मध्ये तो विमानाकडे वळला. आधी हे यंत्र त्याने आपल्या चौदाव्या वायुजहाजाला टांगून तपासलं होतं, म्हणून नाव पडलं १४-बिस. खोकापतंगासारखे पंख, बांबू आणि लाकडाचा सांगाडा, वर रेशीम.

१३ सप्टेंबर १९०६ ला त्याने जेमतेम ७ मीटरची उडी मारली आणि विमान मोडलं. दुरुस्ती करताना त्याने मागचं चाक काढलं, आणि पंखांच्या रेशमाला व्हार्निश लावलं. कारण सोपं आहे. पंखाच्या खाली हवेचा दाब जास्त असतो, वर कमी. कापड चाळणीसारखं असेल तर हवा त्यातून आरपार जाते आणि उचल कमी मिळते. व्हार्निशने छिद्रं बुजतात. २३ ऑक्टोबरला पॅरिसच्या बागातेल मैदानावर, हजारो लोकांसमोर, विमान सुमारे ६० मीटर उडालं. सगळं श्रेय व्हार्निशला देता येणार नाही, पण बदलांच्या यादीत ते होतं. १२ नोव्हेंबरला तो २२० मीटर उडाला, साडेएकवीस सेकंद.

राइट बंधू त्याआधीच, १७ डिसेंबर १९०३ ला अमेरिकेत उडाले होते. पण युरोपात विमान उडताना सगळ्यांनी उघड्यावर पाहिलं ते इथे. ब्राझीलमध्ये आजही विमानाचा जनक म्हणून त्याचंच नाव घेतात. रिओ ऑलिम्पिकच्या उद्घाटनात उडालेलं ते विचित्र विमान आठवतंय? ते हेच.

डेमोझेल: आराखडा सगळ्यांसाठी

त्याचं सगळ्यात देखणं काम यानंतरचं. डेमोझेल हे १९०७ ते १९०९ या काळात घडत गेलेलं एका माणसाचं विमान. मुख्य सांगाडा बांबूचा, पंख रेशमाचे, पंखांची लांबी टोकापासून टोकापर्यंत पाच-साडेपाच मीटर, वजन सुमारे ११० किलो. म्हणजे आजच्या स्कूटरएवढं. वैमानिक पंखाखाली जवळजवळ जमिनीला टेकून बसायचा.

आणि त्याने पेटंट घेतलं नाही. १९१० मध्ये पॉप्युलर मेकॅनिक्स या अमेरिकन मासिकाने डेमोझेलचे आराखडे छापले. ज्याला हवं त्याने बांधावं. आम्ही सॉफ्टवेअरवाले आज ज्याला ओपन सोर्स म्हणतो, ते त्याने विमानाच्या बाबतीत तेव्हाच केलं होतं.

त्याच वर्षी अपघात आणि आजारपणामुळे त्याने उडणं सोडलं. पहिल्या महायुद्धात विमानांनी बॉम्ब टाकलेले त्याने पाहिले. १९२६ मध्ये त्याने राष्ट्रसंघाला विनंती केली की विमानाचा युद्धातला वापर थांबवा. कोणी थांबवला नाही. १९३२ मध्ये ब्राझीलमध्येच यादवी पेटली आणि आपल्याच देशाची विमानं आपल्याच माणसांवर बॉम्ब टाकताना त्याला बघावं लागलं. २३ जुलै १९३२ ला, मनाने आणि शरीराने खचलेल्या या माणसाने ग्वारुजाच्या हॉटेलात स्वतःचं आयुष्य संपवलं. तेव्हा तो ५९ वर्षांचा होता. दहाएक वर्षांनी दुसऱ्या महायुद्धात आपल्या कल्याणजवळ नेवाळीलाही ब्रिटिशांनी धावपट्टी बांधली. त्या जमिनीवरून शेतकऱ्यांचं आंदोलन अगदी २०१७ मध्ये पेटलं होतं.

मग घरचा रंग चालेल का?

डेमोझेलची परंपरा मात्र टिकली. घरी विमान बांधणारे आज जगभर आहेत. आपल्याकडे कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं, ते लोकांनी २०१६ च्या मेक इन इंडियात पाहिलं. तर आता सांतोस-ड्युमाँचे धडे घेऊन डब्याकडे वळू.

ताण: जुन्या काळी सुती किंवा लिननचं कापड डोप नावाच्या द्रावणाने ताणलं जायचं. डोप सुकताना आकसतो आणि कापड ढोलकीच्या पुडीसारखं ताठ होतं. भिंतीचा रंग आकसून कापड ताणत नाही. पण आजचं विमानाचं पॉलिस्टर कापड गरम इस्त्रीने ताणलं जातं, त्यामुळे हे काम रंगाकडे उरत नाही. म्हणूनच इमल्शनचा विचार तरी करता येतो.

पकड: पहिला थर विणीच्या आत शिरून धाग्यांना धरायला हवा. नुसता वर बसला तर ओल आलेल्या भिंतीसारखे पोपडे सुटतात. भिंतीवर ते वाईट दिसतात, उडत्या पंखावर वारा ते उचकटून काढतो.

ऊन: पॉलिस्टरचा खरा शत्रू अतिनील किरणं. डोपच्या पद्धतीत अ‍ॅल्युमिनियमच्या भुकटीचे चंदेरी थर ती अडवतात. इमल्शन वापरणारे पंखाच्या आत दिवा धरून उजेड आरपार येतो का ते बघतात.

वजन: समजा ३० चौरस मीटर कापड आहे आणि दर मीटरला १०० ग्रॅम रंग जास्त बसला. झाले ३ किलो. त्यातला रंग शेपटीच्या किंवा पंखाच्या हलणाऱ्या भागावर, बिजागरीच्या मागे साठला तर तो भाग वेगात फडफडायला लागू शकतो. ही फडफड विमान मोडू शकते.

दुरुस्ती: डोपचा नवा थर जुन्यात विरघळून एकजीव होतो. सुकलेला इमल्शन विरघळत नाही, तो खरवडावा लागतो. मात्र नायट्रेट डोप भयंकर ज्वालाग्राही असतो आणि इमल्शन पाण्यातला, इथे इमल्शन जिंकतो. साधा ऑइल पेंट तर विसराच. तो वयाबरोबर कडक होतो आणि कापड लवलं की तडकतो.

तर उत्तर असं: पॉलिस्टरवर, पातळ थरांत, वजन मोजून, आधी तुकड्यावर तपासून, घरी बांधलेल्या विमानाला चांगला अ‍ॅक्रिलिक एक्स्टिरियर रंग लावता येतो. प्रमाणपत्र असलेल्या विमानाला नाही, तिथे मंजूर पद्धतच वापरावी लागते. आणि भारतात असं विमान उडवण्याआधी डीजीसीएची परवानगी हवीच.

कॉलेजच्या टीममध्ये आरसी विमान बनवत असाल तर हे आजच करून बघा. पंख रंगवण्याआधी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवा, सुकल्यावर पुन्हा ठेवा, आणि दोन्ही आकडे पंखाच्या आतल्या बाजूला पेनने लिहा.