विनोबांचे गणित

गणिताचा तास आला की आपल्या वर्गात कित्येकांचे पोट दुखते. अपूर्णांक निघाले की उरलेल्यांचेही दुखते. हे कायले शिकाचं, वावरात लसावि कोठी लागते, असे आपण मधल्या सुटीत म्हणतो. म्हणून या अंकात आपल्याच जिल्ह्यातील पवनारच्या विनोबांची माहिती देत आहे.

विनोबांचे मूळ नाव विनायक नरहरी भावे. त्यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी कोकणातील गागोदे गावी झाला. वडील बडोद्याला नोकरीला होते, म्हणून शिक्षण तेथेच झाले. देवाच्या खालोखाल त्यांना गणित प्रिय होते.

त्यांच्या आईने देवाला लाख तांदूळ वाहण्याचा नेम केला होता. ती माउली एकेक दाणा मोजून वाही. वडिलांनी युक्ती सांगितली. एक तोळा तांदळातले दाणे मोजावे, त्यावरून लाखाचे वजन काढावे आणि वर थोडे जास्त घालावे. आईने विन्याला विचारले. गणितात हुशार मुलगा वडिलांचीच बाजू घेईल असे वाटते ना? पण त्याने आईला मोजायलाच सांगितले. दर दाण्याबरोबर देवाची आठवण होते, वजनात ती होत नाही, असे त्याचे म्हणणे. हिशेब कुठे करावा आणि कुठे करू नये, हे त्याला लहानपणीच कळले होते.

१९१६ साली इंटरच्या परीक्षेला मुंबईस जाताना ते सुरतेलाच उतरले नि काशीला गेले. त्याच वर्षी ते अहमदाबादला गांधीजींच्या आश्रमात आले. म्हणजे त्यांनी गणित काही मार्कांसाठी केले नव्हते. १९२१ साली गांधीजींनी त्यांना वर्ध्याचा आश्रम चालवायला पाठविले. पुढे नालवाडीला राहत असताना त्यांनी स्वतः सूत कातून त्या मजुरीवरच जगून पाहिले. दिवसभर कातणाऱ्या गरीब माणसाच्या हाती किती आणे पडतात आणि तेवढ्यात पोट भरते का, हा त्यांचा हिशेब होता. १९३८ साली ते पवनारला आले.

१८ एप्रिल १९५१ रोजी ते तेलंगणातील पोचमपल्ली गावी होते. तेथील ४० भूमिहीन हरिजन कुटुंबांनी ८० एकर जमीन मागितली, म्हणजे घरटी दोन एकर. विनोबांनी गावासमोर ही गोष्ट ठेवली, तेव्हा रामचंद्र रेड्डी यांनी १०० एकर दिली. मग विनोबांनी साऱ्या देशाचे गणित मांडले. लागवडीची जमीन ३० कोटी एकर धरली, तर तिचा सहावा हिस्सा ५ कोटी एकर. ज्याला पाच मुलगे, त्याने मला सहावा समजून वाटा द्यावा, असे ते सांगत. त्यासाठी ते तेरा वर्षे गावोगाव पायी फिरले.

उत्तर मात्र पुरते जुळले नाही. ४० लाखांहून अधिक एकर मिळाले, पण ते ५ कोटींच्या दहाव्या भागापेक्षाही कमी. त्यातली काही जमीन खडकाळ निघाली, काही वाटायची राहिली. तरी पुष्कळ भूमिहीनांना स्वतःचे वावर मिळाले. सहावा हिस्सा हा अपूर्णांकच आहे. वाटणी म्हटली की तो येणारच!

१५ नोव्हेंबर १९८२ रोजी पवनारला धाम नदीकाठच्या आश्रमात विनोबांनी देह ठेवला.

आता माझी गोष्ट. माझी माय कापूस वेचायला जाते. मजुरी किलोमागे मिळते. एका संध्याकाळी मी वहीवर तिचा हिशेब करून पाहिला, तर साडेअठरा किलोचे अठराच धरलेले निघाले. मायने दुसऱ्या दिवशी वही दाखविली आणि अर्ध्या किलोचे पैसे मिळाले. अपूर्णांक मला अजूनही कठीण जातात. पण हे कायले शिकाचं, असे आता मी म्हणत नाही.

— एक विद्यार्थी, इयत्ता ६ वी