आचार्य प्रफुल्लचंद्र राय

प्रफुल्लचंद्र राय यांचा जन्म २ ऑगस्ट १८६१ रोजी बंगालमधील राडुली या खेड्यात झाला. हे गाव आता बांगलादेशात आहे. लहानपणी आमांशाच्या दीर्घ दुखण्याने त्यांची शाळा सुटली. त्या काळात वडिलांचा ग्रंथसंग्रह हीच त्यांची शाळा झाली.

१८८७ साली एडिंबरो विद्यापीठाची डी.एस्‌सी. पदवी मिळवून ते मायदेशी परतले आणि १८८९ पासून कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवू लागले. १८९६ मध्ये त्यांनी मर्क्युरस नायट्राइट हे पाऱ्याचे संयुग तयार केले. पुढे फ्रेंच शास्त्रज्ञ बर्थेलो यांच्या प्रोत्साहनाने ते आयुर्वेदातील रसग्रंथांकडे वळले. कसरीने खाल्लेल्या, जागोजागी अशुद्ध उतरवलेल्या पोथ्या त्यांनी मिळवल्या आणि त्यांतील कृती रसायनतज्ज्ञाच्या दृष्टीने तपासल्या.

या ग्रंथांत पारा, गंधक, हरताळ अशा द्रव्यांच्या शोधनाचे विधी सांगितले आहेत. गंधक तुपात वितळवून वस्त्रातून दुधात ओततात. पाऱ्यासाठी तर अठरा संस्कार आहेत. त्यांपैकी पातन हा संस्कार विशेष लक्षणीय होय. दोन मडक्यांची तोंडे एकमेकांवर बसवून सांधा मातीने लिंपतात. खालच्या मडक्याला आच देतात आणि वरचे पाण्याने थंड ठेवतात. पारा वाफ होऊन वर जमतो, तर शिसे, कथील ही भेसळ खाली राहते. हे तर ऊर्ध्वपातनच! मात्र भेसळ गेली म्हणजे पाऱ्याचे विष गेले, असे आजचे रसायनशास्त्र मानत नाही.

हिंदू रसायनशास्त्राचा त्यांनी लिहिलेला इतिहास १९०२ आणि १९०९ साली दोन खंडांत प्रसिद्ध झाला. प्राचीनांचा गौरव करून ते थांबले नाहीत. ही विद्या खुंटली का, हा अप्रिय प्रश्नही त्यांनी विचारला. जातिभेदामुळे हातांनी काम करणारा कारागीर आणि शास्त्र जाणणारा पंडित यांची फारकत झाली, हे त्यांनी त्याचे एक प्रमुख कारण सांगितले. ते परखड होते; अनेकांना रुचणारे नव्हते.

स्वतः प्रफुल्लचंद्रांनी मात्र ही फारकत मानली नाही. त्यांनी उभारलेल्या बेंगॉल केमिकल या कारखान्यात आम्लांबरोबर ओव्याचा अर्क आणि अडुळशाचे औषधही तयार होई. १९१६ पासून ते कलकत्ता विद्यापीठाच्या विज्ञान महाविद्यालयात अध्यापन करू लागले. १९२१ पासूनचे आपले वेतन त्यांनी विद्यापीठालाच देऊन टाकले. ते अविवाहित होते. महाविद्यालयाच्या इमारतीतील एका खोलीत ते राहत. १६ जून १९४४ रोजी त्यांचे निधन झाले.