स्टेथोस्कोपचा जनक आणि त्याचा स्वतःचा खोकला

तपासणीच्या वेळी डॉक्टर तुमच्या पाठीला नळी लावतात, मोठा श्वास घ्यायला सांगतात आणि क्षणभर गप्प होतात. त्या क्षणी ते नक्की काय ऐकतात, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. याचं उत्तर पहिल्यांदा नीट शोधलं ते रेने लाएनेक या फ्रेंच डॉक्टरने.

त्याचा जन्म 1781 मध्ये फ्रान्सच्या ब्रिटनी भागातल्या कँपेर गावी झाला. पाच वर्षांचा असताना आई गेली. पुढे नाँत शहरातल्या डॉक्टर काकांनी त्याला वाढवलं. 1801 मध्ये तो शिकायला पॅरिसला आला. तिथे नेपोलियनचे डॉक्टर कॉर्व्हिझार हे त्याचे गुरू होते. छातीवर बोटांनी ठोकून आवाजावरून आजार ओळखायची पद्धत त्यांनीच रुजवली. लाएनेक किरकोळ अंगाचा, वारंवार आजारी पडणारा, बासरी वाजवणारा. त्याचा एक भाऊ 1810 मध्ये क्षयाने गेला.

1816 साली नेकेर रुग्णालयात हृदयविकाराची लक्षणं असलेली एक तरुणी त्याच्यापुढे आली. स्थूल शरीरामुळे ठोकून काही कळेना, आणि तरुण बाईच्या छातीला थेट कान लावणं प्रशस्त नव्हतं. लाकडी ओंडक्याच्या एका टोकाला टाचणीने खरवडलं तर दुसऱ्या टोकाला ते स्पष्ट ऐकू येतं, हे त्याला आठवलं. त्याने कागदांची घट्ट गुंडाळी केली, एक टोक तिच्या छातीवर ठेवलं आणि दुसरं स्वतःच्या कानाला लावलं. हृदयाचे ठोके थेट कानापेक्षाही स्वच्छ ऐकू आले. पुढे त्याने सुमारे एक फूट लांबीची लाकडी नळी बनवली. दोन्ही कानांची नळी त्याच्या मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी आली.

नळी बनवणं हा तसा सोपा भाग. खरं काम पुढचं होतं. तो रुग्णाच्या छातीतले आवाज टिपून ठेवायचा आणि रुग्ण दगावला तर शवविच्छेदन करून फुप्फुसात प्रत्यक्ष काय बिघडलं होतं ते पडताळायचा. कोणत्या आवाजामागे न्यूमोनिया, कशामागे छातीत साठलेलं पाणी, आणि रुग्णाचा आवाज थेट छातीतून आल्यासारखा वाटला तर तिथे क्षयाने पोकळी पडलेली असते, हे त्याने असं जुळवलं. 1819 मध्ये हे सगळं ग्रंथरूपात आलं. एक्स-रेचा शोध अजून 76 वर्षं दूर होता, हे लक्षात घ्या.

मात्र क्षय का होतो, या प्रश्नावर हाच माणूस चुकला. पॅरिसमधल्या एका कडक नियमांच्या मठात तो सुमारे दहा वर्षं वैद्य होता. त्या काळात तिथल्या जोगिणी क्षयाने इतक्या गेल्या की मठ दोन-तीनदा नव्याने भरावा लागला. ज्या वाचल्या त्या मुख्यतः बाग, स्वयंपाकघर अशी कामं सांभाळणाऱ्या, आणि आजारी पडल्यावर मठ सोडून गेलेल्या बऱ्या झाल्या. यावरून त्याने निष्कर्ष काढला की सततचं दुःख आणि मनाची घुसमट हेच क्षयाचं मोठं कारण आहे. हा आजार संसर्गाने पसरतो हे त्याला पटत नव्हतं.

त्याचं निरीक्षण चोख होतं, अर्थ मात्र चुकला. बंद खोल्या आणि एकमेकींचा सततचा सहवास हे त्याच मठात होतं, पण त्याचं लक्ष दुःखावर खिळलं. 1882 मध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचे जंतू दाखवले.

हे तुम्हाला का सांगतोय? कारण सुनेने मनाला लावून घेतलं म्हणून तिला टीबी झाला, असं मी आजही दवाखान्यात ऐकतो. तसं नाही. टीबी जंतूंमुळे होतो आणि तो हवेतून पसरतो. कुपोषण, मधुमेह, एचआयव्ही, धूम्रपान, दारू आणि दाटीवाटीची घरं यांनी धोका वाढतो. रुग्णाला दोष देण्यापेक्षा घरातल्या इतरांची तपासणी करून घ्या. आणखी एक, नळीने छाती साफ वाटली म्हणजे टीबी नाही असं समजू नका. खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला, बेडक्यातून रक्त आलं, संध्याकाळी ताप येऊ लागला किंवा वजन उतरलं तर बेडका तपासा, एक्स-रे काढा. सरकारी दवाखान्यात ही तपासणी आणि औषधं मोफत आहेत.

लाएनेकच्या वेळी यातलं काहीच नव्हतं. तरुणपणी क्षयाने किडलेले मणके कापताना करवत त्याच्या बोटाला लागली होती आणि तिथे गाठ आली होती, पण तिचा त्याने फार विचार केला नाही. ग्रंथाची दुसरी आवृत्ती पुरी करताना त्याला खोकला, ताप होता, अंग वाळत चाललं होतं. 1826 मध्ये तो ब्रिटनीतल्या आपल्या घरी परतला. त्याचा पुतण्या मेरियादेक डॉक्टर होता. त्याने काकांचीच नळी काकांच्या छातीला लावली आणि जे ऐकू आलं त्याचा अर्थ दोघांनाही कळत होता. 13 ऑगस्टला, वयाच्या 45 व्या वर्षी, लाएनेक गेला. मृत्युपत्रात त्याने आपलं घड्याळ, कागदपत्रं आणि ती नळी मेरियादेकच्या नावे ठेवली होती.