अब्राहम लिंकन आणि त्यांचे उपाध्यक्ष

थोर पुरुषाची कर्तबगारी इतिहासात नमूद असते; त्याचे अंतःकरण मात्र पुष्कळदा त्याच्या पत्रांतच सापडते. सभेत मनुष्य हजारोंना उद्देशून बोलतो, पत्र लिहिताना त्याच्यासमोर एकच मनुष्य असतो. अमेरिकेचे सोळावे अध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी आपले उपाध्यक्ष हॅनिबल हॅम्लिन यांना लिहिलेली पत्रे या दृष्टीने मननीय आहेत.

दोघांचाही जन्म १८०९ सालचा. लिंकन १२ फेब्रुवारीला केंटकी राज्यात एका लाकडी ओंडक्यांच्या झोपडीत जन्मले. त्यांचे सारे शालेय शिक्षण मिळून एक वर्षाचेही भरले नाही. लाकडे फोडून, दुकान चालवून, पोस्टमास्तरकी करून त्यांनी पोट भरले आणि स्वतःच ग्रंथ वाचून ते वकील झाले. हॅम्लिन दूर ईशान्येकडील मेन राज्याचे. वडिलांच्या मृत्यूमुळे त्यांचे शिक्षण खंडित झाले व त्यांना शेती पाहावी लागली. पुढे तेही वकील झाले आणि संसदेत गेले. ते डेमोक्रॅटिक पक्षाचे होते. परंतु गुलामगिरीच्या प्रश्नावर १८५६ साली त्यांनी तो पक्ष सोडला व ते रिपब्लिकन पक्षास मिळाले.

१८ मे १८६० रोजी शिकागोच्या अधिवेशनात रिपब्लिकन पक्षाने अध्यक्षपदासाठी लिंकन यांची आणि उपाध्यक्षपदासाठी हॅम्लिन यांची निवड केली. त्या काळी उपाध्यक्षपदाचा उमेदवारही पक्षाचे अधिवेशनच ठरवीत असे. त्यामुळे एकाच गाड्याला जुंपलेल्या या दोघांची एकमेकांशी साधी ओळखही नव्हती! अध्यक्षपदाच्या उमेदवाराने स्वतः प्रचारास हिंडू नये, असाही त्या वेळी संकेत होता. म्हणून लिंकन स्प्रिंगफील्ड येथे आपल्या घरीच राहिले आणि लेखणी हेच त्यांचे साधन झाले.

१८ जुलै रोजी त्यांनी हॅम्लिन यांना पहिले पत्र लिहिले. आपण दोघे एकाच वेळी वॉशिंग्टनमध्ये होतो, तरी आपली ओळख झाल्याचे स्मरत नाही. ती आता व्हावी म्हणून हे पत्र, असा त्याचा आशय होता. विजयाची चिन्हे दिसतात असे सांगून, आपणांस याहून निराळे काही दिसते काय, असेही त्यांनी विचारले. मोठेपणाचा लवलेश नाही. स्वतःहून एक पाऊल पुढे टाकलेले.

सप्टेंबरमधील पत्राचा सूर मात्र वेगळा होता. मेनमध्ये आपल्या पक्षाच्या दोन जागा जातील अशी भीती हॅम्लिन यांनी व्यक्त केल्याचे लिंकन यांच्या कानी आले. तेथे पीछेहाट झाली तर पेनसिल्व्हेनिया व इंडियाना ही राज्ये हातची जातील आणि नोव्हेंबरमध्ये सर्वनाश ओढवेल, म्हणून तसे होऊ देता कामा नये, असे त्यांनी ४ सप्टेंबरला स्पष्ट बजावले. प्रत्यक्षात त्याच महिन्यात मेनमधील सहाही जागा रिपब्लिकन पक्षाने जिंकल्या. ६ नोव्हेंबरला लिंकन अध्यक्ष निवडून आले आणि त्यानंतर शिकागो येथे दोघांची भेट झाली. मंत्रिमंडळात न्यू इंग्लंड प्रांतातून कोणास घ्यावे याविषयी लिंकन यांनी हॅम्लिन यांचा सल्ला पत्राने मागितला. अखेर गिडियन वेल्स हे नौदलमंत्री झाले.

१८६१ च्या एप्रिलमध्ये यादवी युद्ध पेटले. २२ सप्टेंबर १८६२ रोजी लिंकन यांनी गुलामांच्या मुक्ततेचा प्राथमिक जाहीरनामा काढला. गुलामगिरीचे कट्टर विरोधक असलेल्या हॅम्लिन यांनी २५ तारखेस हर्षभराने अभिनंदनाचे पत्र धाडले. २८ तारखेस लिंकन यांनी दिलेले उत्तर या पत्रव्यवहाराचा कळस होय. वर्तमानपत्रे आणि प्रतिष्ठित लोक स्तुती करीत आहेत, गर्विष्ठ मनुष्याचेही समाधान व्हावे इतकी. पण रोख्यांचे भाव उतरले आहेत, सैन्यात नवे लोक पूर्वीपेक्षाही मंदगतीने येत आहेत, आणि सहा दिवसांपूर्वी होते त्याहून आज रणांगणावर सैनिक कमीच आहेत, असे त्यांनी कळविले. तोंडच्या शब्दांनी शत्रू मरत नाही, ही खंतही त्यांनी लपविली नाही. अधिक आनंदाने लिहिता येत नाही याचे वाईट वाटते, तरी आपल्या सद्भावनेबद्दल आभार, असा शेवट केला. चोहोकडे जयघोष चालला असता ज्याने हिशेब चुकू दिला नाही, त्या पुरुषाच्या मनाचा तोल किती विलक्षण म्हणावा! निराश होऊनही त्यांनी पाऊल मागे घेतले नाही; १ जानेवारी १८६३ रोजी अंतिम जाहीरनामा निघाला.

जून १८६४ मध्ये बाल्टिमोरच्या अधिवेशनाने हॅम्लिन यांच्या जागी अँड्र्यू जॉन्सन यांना उमेदवारी दिली. हॅम्लिन रुसले नाहीत. उपाध्यक्षपदी असतानाच त्या उन्हाळ्यात मेनमधील एका किल्ल्यावर त्यांनी सामान्य शिपाई म्हणून चाकरी केली, स्वयंपाकाचे कामही केले आणि नंतर लिंकन यांच्याच प्रचारासाठी सभा गाजविल्या.

४ मार्च १८६५ रोजी हॅम्लिन यांची मुदत संपली. त्यानंतर सहाच आठवड्यांनी, १४ एप्रिलच्या रात्री, लिंकन यांच्यावर नाट्यगृहात गोळी झाडली गेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची प्राणज्योत मालवली. अध्यक्षपद जॉन्सन यांच्याकडे गेले. हॅम्लिन पुढे पुन्हा सिनेटचे सभासद झाले आणि ४ जुलै १८९१ रोजी, आपल्या राष्ट्राच्या स्वातंत्र्यदिनी, निवर्तले.

विद्यार्थी मित्रांनो, स्तुती करणाऱ्या सहकाऱ्यालाही लिंकन यांनी कटू सत्यच सांगितले आणि पद गेल्यावरही त्या सहकाऱ्याने कार्य सोडले नाही. सार्वजनिक कार्यातील मैत्री अशाच सत्यावर उभी राहते.